जुन्या रस्त्यावर गाडी आणू नये

"या रस्त्यावर तेहतीस वर्षांत मला माझ्या सावलीशिवाय कुणीही मागे टाकलेलं नाही!"

एरमान्नो गुस्मेरोलीचं हे वाक्य आमच्या खोऱ्यात सगळ्यांना पाठ आहे. लग्नात, बारशात, दाताच्या डॉक्टरकडच्या बाकावर, विषय निघो न निघो, एरमान्नो हे वाक्य काढणारच! तेहतीस वर्षं त्यानं सायकलवरून टपाल वाटलं आणि निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी तोच रस्ता, तीच सायकल. फक्त पिशवी रिकामी. रस्ता म्हणजे आमच्या प्रादेल गावच्या पुलापासून वर सान रोक्कोच्या चर्चपर्यंत, चेस्टनटच्या झाडांतून चढत जाणारी जुनी वाट. एक गाडी कशीबशी मावते. दुसरी समोरून आली की दोघांनी देवाचं नाव घ्यायचं. खाली नदीकाठानं हमरस्ता झाल्यापासून या वाटेला फारसं कुणी विचारत नव्हतं.

आणि नेमकी म्हणूनच ती आता भाव खाऊ लागली होती! जिल्ह्याच्या कचेरीनं ठरवलं होतं की खोऱ्यातला एक शांत रस्ता निवडायचा, त्यावर सायकलवाल्यांसाठी हिरव्या पाट्या लावायच्या आणि तो नकाशात छापायचा. उमेदवार दोन. नदीच्या अलीकडे आमचा, पलीकडे रोंकाया गावाचा. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, सकाळी नऊ ते बारा, दोन्हीकडे एकाच वेळी माणूस बसवून गाड्या मोजायच्या. वीसच्या वर गेल्या की रस्ता बाद. दोघेही पास झाले तर ज्याच्या कमी, पाट्या त्याच्या. वर्षभरानं पुन्हा मोजणी.

रोंकायाच्या बाजूनं ओत्ताव्हियो ताराबिनी होता, निवृत्त स्टेशनमास्तर. एरमान्नो आणि तो लहानपणापासूनचे मित्र, म्हणजे साठ वर्षांत एकाही गोष्टीवर त्यांचं एकमत झालेलं नव्हतं. विशीतला एक फोटो दोघांच्याही घरी भिंतीवर आहे: जत्रेच्या दिवशी एकाच सायकलवर दोघे, एरमान्नो चालवतोय, ओत्ताव्हियो मागे बसलाय. सायकल कुणाची होती यावरून अजून वाद आहे.

पण नुसती ओत्ताव्हियोची जिरवायची असती तर एरमान्नोनं एवढा जिवाचा आटापिटा केला नसता. खरा घोर होता लोरेदानाचा. ही त्याची एकुलती एक लेक मिलानमधली बँकेतली नोकरी सोडून आली होती. सान रोक्कोच्या चर्चशेजारची बंद पडलेली शाळा घेऊन तिनं सायकलवाल्यांसाठी सहा खोल्यांचं गेस्टहाउस काढलं होतं. खोल्या रंगवल्या, गाद्या आणल्या, सायकली टांगायला भिंतीत हूक ठोकले. उन्हाळाभर त्या हुकांना एकच सायकल लटकलेली दिसली. एरमान्नोची.

"पाट्या इकडून गेल्या तर चालेल, बाबा," ती म्हणाली होती. "तिकडून गेल्या तर मी आपली परत मिलानला."

ती हे हसत म्हणाली, पण एरमान्नोला दोन दिवस घास गोड लागला नाही.

मोजणीच्या आदल्या शनिवारी तो स्वतः वळणावरच्या हौदाशी वही घेऊन बसला आणि गाड्या मोजल्या. तेवीस! कुणी अळंबी शोधायला चाललेला, कुणी डेअरीवरून चीज आणायला, तर कुणी काही कारण नसताना!

"तीनच जास्त ना?" त्याची बायको झिता म्हणाली. "तिघांना जाऊन सांगा, पुढच्या शनिवारी येऊ नका म्हणून. झालं!"

"कोणत्या तिघांना? आणि सांगितलेले तिघे घरी बसले आणि दुसरेच तिघे आले तर? झिता, अशी कामं तोंडी होत नसतात. छापील सूचना लागते!"

"अहो, आपल्याकडे सूचना वाचतंय कोण?"

"चर्चच्या भिंतीवरची वाचतात!"

यात मात्र तो चुकत नव्हता. प्रादेलमध्ये नगरपालिकेचा काचेचा फलक आहे. पाणी बंद, शाळा बंद, रस्ता बंद, सगळं तिथं लागतं आणि ते फक्त आतले कोळी वाचतात. पण गावातल्या चर्चच्या भिंतीवर मयतांची पत्रकं लागतात, ती मात्र प्रत्येक जण बघतो. सकाळी पाव आणायला निघालेला माणूस आधी भिंतीवर कोण गेलं ते पाहतो आणि मगच पाव घेतो. एरमान्नोनं ठरवलं, आपलीही सूचना तिथंच!

भिंतीवरची पत्रकं छापतो देल्फीनो आणि चिकटवतोही तोच. छापखान्यात त्याच्याकडे आता दोनच कामं उरली आहेत, मयताची पत्रकं आणि वर्षातून एकदा चेस्टनटच्या जत्रेचं पोस्टर. म्हणून काळ्या चौकटीचे कागद तो गठ्ठ्यानं आधीच छापून ठेवतो.

"मजकूर लिहून आणलाय," एरमान्नो घाईघाईत म्हणाला. "माझं नाव मोठं टाक, म्हणजे कुणाला काही विचारायचं असेल तर मला विचारतील. आणि फोटोही टाक. गावात गुस्मेरोली चार आहेत, उगाच दुसऱ्याच्या डोक्याला ताप नको."

त्यानं पाकिटातून निवृत्तीच्या दिवशीचा फोटो काढला. टाय, तेल लावून चापलेले केस, आणि नेमके डोळे मिटता मिटता टिपलेले.

देल्फीनोनं फोटोकडे पाहिलं, मग एरमान्नोकडे पाहिलं. "लोक हल्ली आधीच तयारी करून ठेवतात," तो म्हणाला. "चांगलं आहे. मागच्यांना त्रास नाही."

"तयारी नको का करायला? शुक्रवारी सकाळी लावून टाक. मला मरायला वेळ नाही!"

आणि तो गेलाही. शुक्रवारी भल्या सकाळी घराच्या खिडक्यांच्या झडपा लावून नवराबायको वर लोरेदानाकडे गेले. रस्ता झाडायचा होता, चेस्टनटची काटेरी टरफलं बाजूला करायची होती, मोजणीला येणाऱ्या इंजिनियरबाईंसाठी जेवणाचं बघायचं होतं. वर मोबाइल लागत नाही. देल्फीनो पत्रकं चिकटवून दोन दिवसांसाठी बहिणीकडे निघून गेला.

ते पत्रक मी डोळ्यांनी पाहिलंय. जाड काळी चौकट. वर छोटा क्रूस, तो चौकटीबरोबरच छापलेला असतो. मग एरमान्नो गुस्मेरोली, वीतभर उंच अक्षरात. त्याखाली तो डोळे मिटलेला फोटो. त्याखाली शनिवार, सकाळी नऊ ते बारा, जुना रस्ता, पुलापासून सान रोक्कोपर्यंत. आणि अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात, 'कृपया या वेळेत रस्त्यावर एकही गाडी आणू नये.'

साडेसातला बेकरीत बातमी पोचली.

"अरेरे, एरमान्नो गेला की हो!"

"कसं शक्य आहे? परवा तर सायकलवर पाहिला मी."

"सायकलवर होता म्हणूनच गेला. हे काय वय आहे चढ चढायचं?"

"मी आत्ताच घरी जाऊन आले. बेल दाबून दाबून बोट दुखलं. झडपा लावलेल्या!"

झडपा लावलेल्या म्हटल्यावर कुणाला शंका उरली नाही.

"पण नऊ ते बारा? तीन तास?"

"त्याच्या लाडक्या रस्त्यावरून नेणार असतील. चालत नेलं तर लागतातच."

"आणि हे खाली बारीक काय लिहिलंय? गाड्या आणू नयेत?"

"ते असंच लिहायचं असतं गं. फुलं आणू नयेत लिहितात, तसं."

इथं एक सांगायला हवं. आमच्याकडे प्रत्येक मयताच्या पत्रकाखाली 'कृपया फुलं आणू नयेत' असं असतंच, आणि जो खरोखर फुलं न घेता येतो त्याला लोक दहा वर्षं कंजूष म्हणतात. तेव्हा गाड्या आणू नयेत म्हणजे काय करायचं, हे सगळ्यांना आपोआप कळलं.

शनिवारी नऊला पाच कमी असताना पेद्रांझिनी इंजिनियरबाई सायकलवरून हौदापाशी आल्या. हमरस्त्यानं येऊन थेट पूल ओलांडल्यामुळे चर्चची भिंत त्यांना दिसलीच नव्हती. बाई मोजक्या बोलणाऱ्या. घडीची खुर्ची उघडली, मोजायचं यंत्र हातात घेतलं आणि बसल्या. गाडी गेली की अंगठ्यानं कळ दाबायची. टक्!

सव्वानऊपर्यंत काही नाही. एक ट्रॅक्टर वर गेला. टक्. मग पुन्हा काही नाही. हौदात पाणी पडत होतं. एरमान्नो शेजारी सायकल धरून, इस्त्रीचा शर्ट घालून उभा.

"मला लांबून कुणाच्या तरी गाईची घंटा ऐकू येतेय," पावणेदहाला बाई म्हणाल्या.

"ती नदीपलीकडची!" एरमान्नोची छाती फुगली. "बाई, या रस्त्यावर तेहतीस वर्षांत मला माझ्या सावलीशिवाय..."

टक्.

खालून एक काळी गाडी येत होती. हळू, दिवे लावून. तिच्यामागे दुसरी. तिच्यामागे वळण दिसेनासं होईपर्यंत गाड्याच गाड्या!

टक्. टक्. टक्.

एरमान्नो धावत रस्त्याच्या मधोमध गेला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. पहिल्या गाडीत पुढं एर्सीलियाआत्या बसल्या होत्या, वय चौऱ्याऐंशी, डोक्यावर काळी टोपी, मांडीवर शेवंतीची कुंडी. त्यांनी समोर पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली की झाडावरची टरफलं खाली आली.

"आत्या, काय झालं?"

"तू मेलास!" आत्या कुंडी कवटाळत म्हणाल्या.

"मी? कुठं मेलोय? हा काय उभा आहे!"

आत्यांनी खिडकीतून हात काढून त्याचा गाल करकचून ओढला. गाल गरम लागला. मग मात्र त्यांचा पारा चढला.

"मी पहाटे पाचला उठले तुझ्यासाठी! केस करून घेतले! आणि तू धडधाकट? लाज नाही वाटत?"

मागच्या गाड्यांतून लोक उतरायला लागले. कुणी रडत होतं, कुणी क्रूसाची खूण करत होतं, एकानं तर "अरे, हा इथंच आहे!" असं ओरडून सगळ्यांना बोलावलं. टपाल खात्यातले जुने सहकारी हार घेऊन आले होते, त्याच्या फितीवर सोनेरी अक्षरात 'तेहतीस वर्षांची सेवा' लिहिलेलं. फादर चेल्सो पूर्ण पोशाखात होते, चार गावं सांभाळताना एखादा निरोप राहून जातो असं समजून स्वतःहून आले होते.

"एरमान्नो, निदान मला तरी कळवायचंस!"

"काय कळवू, फादर? जिवंत आहे म्हणून?"

"हो! अशा वेळी कळवतात!"

एवढ्यात पाठीमागून बँड सुरू झाला. शेवटच्या टेम्पोतल्या वाजंत्र्यांना पुढचं काही कळलंच नव्हतं. त्यांनी वेळ झाली म्हणून शोकाची धून धरली, आणि ती खरोखर इतकी सुरेख वाजली की क्षणभर एरमान्नोलाही गलबलून आलं.

"परत जा!" तो भानावर येऊन ओरडला. "सगळे मागं फिरा! माझ्या लेकीच्या पोटावर पाय येतोय!"

"वळवू कुठं?" एर्सीलियाआत्यांची गाडी चालवणारा त्यांचा दुसरा भाचा म्हणाला. "इथं गाढव वळत नाही. वर चर्चच्या पटांगणातच वळावं लागेल."

"म्हणजे याच रस्त्यानं परत खाली येणार?"

"मग काय उडत जाऊ?"

इंजिनियरबाई मान खाली घालून कळ दाबत होत्या. टक्. टक्. टक्.

एरमान्नो त्यांच्यापुढं जवळजवळ गुडघ्यांवर आला. "बाई, या रोजच्या गाड्या नाहीत हो! मयताच्या आहेत!"

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं, पानं उलटली. "बरोबर. अंत्ययात्रेच्या गाड्या मोजायच्या नाहीत, असा नियम आहे."

"देवा! सुटलो!"

"मयत कोण आहे?"

एरमान्नोनं इस्त्रीचा शर्ट खाली ओढला.

"मी," एरमान्नो हळूच म्हणाला.

"मग मयत नाही," बाई म्हणाल्या आणि पुस्तक मिटलं. "मयत असतं तर अपवाद करता आला असता."

शपथेवर सांगतो, त्या क्षणी दोनशे माणसांनी एरमान्नोकडे अशा नजरेनं पाहिलं की गावासाठी एवढं करायला याला काय होतं!

"तुझी तयारी असेल तर अजून वेळ गेलेली नाही," मागून कुणीतरी नाक ओढत म्हणालं. तो ओत्ताव्हियो होता. डोळे लाल, हातात चार पानी भाषण, पाठीमागे अख्खं रोंकाया उभं.

"तू रडलास?" एरमान्नोनं विचारलं.

"सर्दी झालीये."

"भाषण वाच की मग! लिहून आणलंयस ना?" लोकांनी आग्रह धरला. एवढ्या लांब आल्यावर काहीतरी ऐकायला मिळावं, ही अपेक्षा चूक म्हणता येणार नाही. ओत्ताव्हियोनं चष्मा लावला.

"मित्रहो, आज मी एक गोष्ट कबूल करतो, जी तो असताना कधीच केली नाही. या खोऱ्यातला सगळ्यात शांत, सगळ्यात देखणा रस्ता एरमान्नोचाच. त्याच्या स्मरणार्थ रोंकायानं स्पर्धेतून..."

"बाई!" एरमान्नो किंचाळला. "ऐकलंत? लिहून घ्या!"

"मी गाड्या मोजते, भाषणं नाही," बाई म्हणाल्या.

"आणि हे जिवंत माणसाला लागू नाही," ओत्ताव्हियो म्हणाला, आणि त्यानं चारही पानांचे बारीक बारीक तुकडे करून खिशात घातले.

बाराला यंत्रावर आकडा होता एकशे एकोणनव्वद. जाताना चौऱ्याण्णव, येताना चौऱ्याण्णव, आणि तो एक बिचारा ट्रॅक्टर!

लोरेदानाकडे चौघांपुरता पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्टा, शिजवला होता. पटांगणात गाडी वळवायला गेलेले सगळे भुकेले पाहुणे खाली उतरण्याआधी तिच्या दारात उभे राहिले होते. झितानं पिठाची पोती उघडली, भांडी उसनी आणली आणि नवऱ्याच्या नावानं खडे फोडत दोनशे माणसं जेवू घातली. तिला सगळ्यात जास्त राग आला तो फोटोचा. "जगात दुसरा फोटो नव्हता? यात तुम्ही आधीच मेलेले दिसता!"

पंधरा दिवसांनी कचेरीचं पत्र आलं. प्रादेलचा रस्ता बाद, हे अपेक्षितच होतं. पण दुसऱ्या ओळीनं एरमान्नो मटकन खाली बसला. रोंकायाच्या रस्त्यावर नऊ ते बारा या वेळेत गेलेली वाहनं: शून्य! एकसुद्धा नाही! जाणार कशी? रोंकायातलं प्रत्येक वाहन त्या वेळी हौदापाशी उभं होतं, आणि प्रत्येक वाहनचालक टोपी काढून एरमान्नोकडे बघत होता.

ओत्ताव्हियो पाट्या लावल्यावर पेढ्यांसारखं चीज वाटत फिरला. "तुझे उपकार मी जन्मभर विसरणार नाही," तो एरमान्नोला म्हणाला, आणि एरमान्नो तीन महिने त्याच्याशी बोलला नाही.

लोरेदाना मात्र गेली नाही. मयताला आलेल्यांपैकी काही जण पुन्हा जेवायला आले, दोघे तर राहिलेही. "अजून एक वर्ष बघते, बाबा," ती म्हणाली. "पुढच्या मोजणीत पाट्या मिळाल्या तर राहते, नाहीतर खरंच जाते. पण त्या दिवशी तुम्ही काहीएक करायचं नाही. शपथ घ्या."

एरमान्नोनं शपथ घेतली. पण वर्षभर त्याच्या डोक्यात एकच हिशेब घोळत होता. अख्खं खोरं ज्याच्या अंत्ययात्रेला जातं त्याचा रस्ता बुडतो आणि समोरच्याचा तरतो. मग या खेपेला ओत्ताव्हियो का नको? तो ओत्ताव्हियोशी बोलायला लागला. तब्येतीची चौकशी करायला लागला. ओत्ताव्हियोही उलट त्याच्या रक्तदाबाची विचारपूस करायचा. गावाला वाटलं, म्हातारपणी शहाणे झाले.

मोजणीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, एरमान्नो कोटाच्या आत काहीतरी लपवून छापखान्यात शिरला.

"एक पत्रक छापायचंय," तो इकडंतिकडं बघत पुटपुटला. "ओत्ताव्हियो ताराबिनी. उद्या, नऊ ते बारा, रोंकायाचा रस्ता. आणि हा फोटो."

तो भिंतीवरचा जत्रेचा फोटो होता. कात्रीनं अर्धा कापलेला. त्यात ओत्ताव्हियो सायकलच्या मागच्या बाजूला बसून हसत होता आणि त्याचा एक हात नुसताच हवेत, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा.

देल्फीनोनं खण उघडला आणि दुसरा अर्धा फोटो काढून शेजारी ठेवला. त्यात विशीतला एरमान्नो हँडल धरून होता, आणि त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी पंजा, मनगटापासून कापलेला.

"ओत्ताव्हियो सकाळी सातलाच येऊन गेला," देल्फीनो म्हणाला. "तुमचं नाव, तुमचा रस्ता, नऊ ते बारा."

टेबलावर दोन्ही तुकडे एकमेकांना इतके चपखल बसले होते की कात्री फिरलेली कळतही नव्हती. किती वर्षं झाली असतील? पन्नास? चढावर ओत्ताव्हियो मागून ओरडत होता, "अरे, लेका, जोर लाव!"

"एकाच कागदावर दोघांना बसवू का, दोन्ही रस्त्यांसकट?" देल्फीनोनं विचारलं. "आख्खा फोटो लागेल. छान दिसेल."

"बसव," एरमान्नो डोळे पुसत म्हणाला. मग एकदम सावरला. "पण नाव माझं वर टाक! आणि मोठं! सायकल माझी होती!"

मोजणी, पाट्या, लोरेदाना, शपथ, हे सगळं त्याला घरी जेवायला बसल्यावर आठवलं. तसाच, गळ्यातला रुमाल न काढता, तो सायकलवर टांग टाकून छापखान्याकडे सुसाट सुटला. दाराला कुलूप होतं. देल्फीनो पत्रकं चिकटवून बहिणीकडे निघून गेला होता.